इंदुरात सार्वजनिक जमीन कशी राखावी: खसऱ्यापासून हरकतीपर्यंत

सन 2014 मध्ये आसपासची 29 गावे इंदूर नगर निगमाच्या हद्दीत आली. गाव शहरात येते तेव्हा त्याची चरनोई (गुरे चारण्याची सामाईक जमीन), तलाव, स्मशान आणि शेतांकडे जाणारे सरकारी रस्तेही येतात. पण पंचायत संपलेली आणि निगमाने अजून नीट हाती न घेतलेली अशी मधली काही वर्षे जातात, आणि नेमक्या त्याच काळात जागा हातच्या जातात. भिंत उभी राहण्याच्या पुष्कळ आधी कागद फिरलेला असतो. म्हणून रामबाग, लोकमान्य नगरातले जुने रहिवासी असोत की बायपासपलीकडे नवा प्लॉट घेतलेले, त्यांनी सुरुवात तक्रारीने न करता कागदांनी करावी.

आधी जागेची जबाबदारी कोणाकडे आहे ते ठरवावे, नाहीतर अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. चरनोई, नजूल (शहरी भागातली सरकारी जमीन) आणि इतर शासकीय जमीन कलेक्टर व तहसीलदारांच्या अखत्यारीत असते. इंदूर विकास प्राधिकरणाच्या योजनेतला बगीचा निगमाकडे सोपवला गेला नसेल, तर दाद प्राधिकरणाकडेच मागावी. खासगी कॉलनीत हस्तांतरण न झालेला बगीचा मात्र कॉलनायझरच्याच, म्हणजे कॉलनी वसवणाऱ्या विकासकाच्याच हाती राहतो आणि ही सर्वांत नाजूक अवस्था होय. तेव्हा हस्तांतरणाचे पत्र झाले आहे का, हे रहिवासी संघाने पहिल्याच बैठकीत विचारून घ्यावे.

शासकीय जमिनीचा खसरा, म्हणजे त्या तुकड्याचा क्रमांक, मालक व क्षेत्रफळ यांची सरकारी नोंद, एमपी भूलेख या संकेतस्थळावर पाहता येतो. भूस्वामीच्या रकान्यात ‘मध्य प्रदेश शासन’ दिसले म्हणजे काम झाले असे नाही. कैफियतीचा (शेऱ्यांचा) रकाना वाचावा, कारण आदेशांचे प्रकरण क्रमांक आणि स्थगितीच्या नोंदी तिथेच सापडतात. समजा, मूळ खसरा क्रमांक 212 होता आणि आता 212/1, 212/2, 212/3 असे तुकडे दिसतात; अशा वेळी प्रत्येक तुकड्याचे क्षेत्रफळ मांडून बेरीज करावी आणि ती जुन्या नोंदीशी ताडून पाहावी. जुनी नोंद म्हणजे बंदोबस्ताची मिसल (जुन्या जमीन मोजणी-आकारणीचे दप्तर) आणि निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक वापराच्या जमिनींची नोंद). त्यांची प्रमाणित नक्कल कलेक्टर कार्यालयाच्या अभिलेखागारातून काढता येते. चराई, पाणवठा, स्मशान यांसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, 1959 च्या कलम 237 मध्ये आहे. एकेकाळची चरनोई आज खासगी नावावर दिसत असेल, तर ती कोणत्या वर्षी व कोणत्या आदेशाने बदलली, एवढाच प्रश्न विचारावा. पुढचे सगळे त्याच्या उत्तरातून निघते.

कॉलनीच्या बगीच्यासाठी नगर तथा ग्राम निवेश (नगररचना) कार्यालयातून मंजूर ले-आउटची नक्कल घ्यावी आणि चार जणांनी मिळून टेपने चारही बाजू मोजाव्यात. 90 फुटांच्या कडेवर शेजारच्या कुंपणाने 5 फूट जरी सरकून घेतले, तरी 450 चौरस फूट जागा गेलेली असते, आणि नुसत्या डोळ्यांना ती कळतही नाही. मोजणीच्या दिवशीच फोटो काढून त्यावर तारीख लिहावी.

इथे एक अप्रिय गोष्ट लिहिणे भाग आहे. बगीच्यावर पहिले पाऊल टाकणारा नेहमीच भूमाफिया नसतो. पुष्कळदा आपल्याच गल्लीतले भले लोक ओटला, मग शेड, मग हॉल बांधतात, आणि शेजाऱ्याशी वाईटपणा नको म्हणून बाकीचे गप्प राहतात. 30 मार्च 2023 रोजी, रामनवमीला, बेलेश्वर महादेव झूलेलाल मंदिरात बावडीवर (पायऱ्यांच्या विहिरीवर) टाकलेला स्लॅब कोसळून 36 माणसे गेली. बगीच्यातल्या त्या बांधकामाबद्दल तक्रारी आणि नोटिसा आधीच झालेल्या होत्या. रस्ते, बगीचे व इतर सार्वजनिक जागांवर कोणत्याही धर्माच्या नावाने अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा 29 सप्टेंबर 2009 चा आदेश आहे. अर्जात त्याचा हवाला दिला की वाद श्रद्धेचा न राहता जागेचा राहतो.

माहितीच्या अधिकारात ‘कारवाई का केली नाही’ असे विचारू नये. त्याला गोलमोल उत्तर मिळते. सीमांकनाचा (हद्दमोजणीचा) अहवाल, पंचनामा, नोटिशीची प्रत, फाइलवरचे शेरे असे कागद मागावेत आणि फाइल प्रत्यक्ष पाहण्याची परवानगीही मागावी. शुल्क 10 रुपये, मुदत 30 दिवस. शासकीय जमिनीवर अतिक्रमण असेल, तर संहितेच्या कलम 248 खाली तहसीलदारांकडे लेखी अर्ज करावा, त्यात खसरा क्रमांक लिहावा आणि पोच घ्यावी. मंगळवारची जनसुनवाई (अधिकाऱ्यांपुढे थेट तक्रार मांडण्याची बैठक) आणि 181 ची तक्रार हेल्पलाइन आहेच, पण ती या अर्जाच्या जोडीला, त्याऐवजी नव्हे. गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याची योजना आखा, असे सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 च्या जगपाल सिंह प्रकरणात सर्व राज्यांना सांगितले आहे, तेही नमूद करावे.

तलाव आणि नाल्यांची बाब वेगळी आहे. सिरपूर आणि यशवंत सागर या तलावांना 2022 मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, पण पाणी ज्या नाल्यांतून येते ते बुजवले तर त्या दर्जाचा उपयोग पाटीपुरताच. भराव पडताना दिसला की राष्ट्रीय हरित अधिकरणाच्या भोपाळ पीठाकडे जाता येते. मात्र वादाचे कारण उद्भवल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणून पहिल्या डंपरची तारीख महत्त्वाची.

हे सगळे एकेका जागेपुरते झाले. शहर कुठवर पसरू द्यायचे हे विकास योजनेत ठरते. 2021 पर्यंतचा विचार करून केलेली योजना 1 जानेवारी 2008 पासून लागू झाली. (नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी 1918 साली होळकर दरबाराला दिलेल्या अहवालात नदीकाठांचा विचार होता, शंभर वर्षांनी आपण तिथेच घोटाळतो आहोत.) 1973 च्या नगर तथा ग्राम निवेश अधिनियमाप्रमाणे योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी 30 दिवस मिळतात. ‘हिरवळ वाचवा’ अशी मोघम हरकत निकामी ठरते. गाव, खसरा क्रमांक, मसुद्यात दाखवलेला वापर, जुन्या नोंदीतला वापर आणि आपली मागणी, असे प्रत्येक जागेसाठी वेगळे पान करावे. सुनावणीला नकाशाची मोठी प्रत घेऊन दोघांनी जावे. समितीपुढे बोलायला वेळ थोडा मिळतो, तेव्हा एकाने बोलावे आणि दुसऱ्याने नकाशावर बोट ठेवावे.