मोटारहोममध्ये काही बंद पडलं, तर आधी काय तपासायचं?

पंप बंद पडला की माणूस पंप उघडतो, हीटर पेटेना झाला की हीटरचं झाकण काढतो. मोटारहोममध्ये, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीत, या सवयीपायी तासन्‌तास वाया जातात. बंद पडलेलं उपकरण बहुतेक वेळा धड असतं. त्याच्याकडे येणारी वीज, गॅस किंवा पाणी वाटेत कुठेतरी अडलेलं असतं. घर चाकांवर असल्यामुळे त्याला सतत हादरे बसतात. स्क्रू सैल होतात, वायरी पत्र्याला घासतात, जोडांत ओल शिरते. म्हणून शोधाची सुरुवात बॅटरीपासून करायची आणि उपकरणावर शेवटी यायचं.

हत्यारं फार लागत नाहीत. साधा डिजिटल मल्टिमीटर, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, वेगवेगळ्या अँपिअरचे फ्यूज, तारेचा ब्रश, पान्यांचा संच, इन्सुलेशन टेप, डोक्याला लावायचा टॉर्च आणि साबणाच्या पाण्याची फवारणीची बाटली. यातला मल्टिमीटर वापरता येत नसेल तर घरीच, निवांतपणे शिकून घ्या. पावसात, अंधारात, रस्त्याच्या कडेला तो शिकता येत नाही.

बिघाड कोणत्या विजेचा आहे?

अशा गाडीत विजेच्या तीन वेगळ्या व्यवस्था असतात. एक इंजिनाची: गाडी सुरू करणारी बॅटरी, हेडलाइट, हॉर्न वगैरे. दुसरी घराची: १२ व्होल्टची वेगळी बॅटरी, तिच्यावर आतले दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा. तिसरी बाहेरून केबलने घेतलेली किंवा जनरेटरची २३० व्होल्ट (काही देशांत १२० व्होल्ट) वीज, तिच्यावर एसी, मायक्रोवेव्ह आणि भिंतीतले सॉकेट.

गॅसवर चालणारा हीटर आणि फ्रिज यांच्या बाबतीत लोक हमखास फसतात. जळतो गॅस, पण तो सोडायचा की नाही हे ठरवणारं सर्किट घराच्या बॅटरीवर चालतं. बॅटरी उतरली की भरलेला सिलिंडर असूनही हीटर पेटत नाही.

१२ व्होल्टचं सगळंच एकदम गेलं असेल, तर बॅटरीचा कट-ऑफ स्विच आणि बॅटरीजवळचा मोठा फ्यूज बघा. कट-ऑफ स्विच बहुधा दाराजवळ असतो आणि सामान ठेवताना त्याला धक्का लागतो. दोन-तीनच गोष्टी बंद असतील, तर त्यांच्या सामाईक फ्यूजकडे किंवा अर्थिंगकडे, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला (चेसिसला) जोडलेल्या मायनसच्या वायरीकडे, वळा.

बॅटरी मोजा, पण नीट मोजा

१. चार्जर बंद करा, सगळी उपकरणं बंद करा आणि बॅटरीला काही तास विसावू द्या. लेड-ॲसिड बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली आहे, १२.२ च्या आसपास निम्मी, आणि ११.९ च्या खाली जवळजवळ रिकामी. लिथियम बॅटरीला हा हिशोब लावू नका. ती बराच काळ १३.२ च्या आसपासच रेंगाळते आणि मग एकदम उतरते. तिच्यासाठी आत गेलेला-बाहेर आलेला करंट मोजणारा मॉनिटरच हवा.

२. आता पंप आणि दिवे चालू करून पुन्हा मोजा. व्होल्टेज ११ च्या खाली कोसळलं, तर एकतर बॅटरी थकली आहे किंवा जोड खराब आहे. हे ओळखायला मीटरची टोकं आधी बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर टेकवा, मग त्यांवर आवळलेल्या क्लॅम्पवर. खुंटावर १२.३ आणि क्लॅम्पवर १०.८ दिसलं, तर बॅटरी बदलायची गरज नाही. क्लॅम्प काढून घासा. पांढरी-हिरवी भुकटी साचलेली असेल तर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवा. ते पाणी बॅटरीत जाऊ देऊ नका. काढताना आधी निगेटिव्ह वायर, जोडताना ती शेवटी.

३. बाहेरची वीज जोडून चार्जर चालू करा. व्होल्टेज साधारण १३.६ ते १४.४ पर्यंत चढायला हवं. चढलंच नाही, तर चार्जरचे फ्यूज बघा. बॅटरी क्षणभर उलटी जोडली गेली तरी उडणारे फ्यूज अनेक चार्जरमध्ये असतात आणि नवी बॅटरी बसवल्यावर तेच उडालेले सापडतात.

४. इंजिन सुरू करून घराची बॅटरी मोजा. तिथे काहीच फरक पडला नाही, तर दोन बॅटऱ्यांना जोडणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) किंवा त्याचा फ्यूज गेलेला असू शकतो. युरो ६ या युरोपीय प्रदूषण-मानकानंतरच्या अनेक गाड्यांत अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र, इंधन वाचवायला स्वतःच व्होल्टेज कमी करतो. तिथे नुसत्या रिलेने घराची बॅटरी अनेकदा पूर्ण भरत नाही. इंजिनाकडून येणारं व्होल्टेज हवं तेवढं वाढवून देणारा डीसी-टू-डीसी चार्जर बसवावा लागतो.

अर्थिंग: सगळ्यात दुर्लक्षित जागा

पंप चालू झाला की दिवे मंद होतात. इंडिकेटरबरोबर टेललाइटही लुकलुकतो. एक स्विच दाबला की भलताच दिवा मिणमिणतो. असं काही दिसलं की प्लसची वायर सोडून द्या आणि मायनसच्या मागे लागा. गाडीच्या चेसिसला जिथे वायर बोल्टने आवळलेली असते, तिथे रंग, गंज आणि चिखल साचतो.

ते तपासायची खात्रीची रीत अशी: उपकरण चालू ठेवा, मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर आणि लाल टोक उपकरणाच्या अर्थ वायरवर टेकवा. ०.२ व्होल्टपर्यंत दिसलं तर ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर मधला एखादा जोड वीज खातोय. टोक एकेक जोड पुढे सरकवत नेलं की आकडा जिथे उडी मारतो, तोच गुन्हेगार. बोल्ट काढून धातू चमकेपर्यंत घासा, पुन्हा आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा.

मीटर ओहमवर, म्हणजे वायरीचा रोध मोजायला, ठेवून हीच तपासणी करणारे पुष्कळ आहेत. त्यावर विसंबू नका. ओहम मोजताना मीटर नगण्य करंट सोडतो. वायरीचा एकच धागा शिल्लक असला तरी तो ‘सगळं ठीक’ असं सांगतो. खरा भार पडला की तोच धागा हात टेकतो.

फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा लावा. पात्याच्या फ्यूजमध्ये १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा आणि ३० हिरवा असतो. ‘सारखा उडतो म्हणून मोठा टाकला’ ही आग लागण्याची सरळ वाट आहे; फ्यूज उपकरणाला नव्हे, वायरीला वाचवायला असतो. दुसराही लगेच उडाला, तर तिसरा वाया घालवू नका. त्या सर्किटवरची उपकरणं सोडवा आणि फ्यूजच्या जागी १२ व्होल्टचा बल्ब जोडा. बल्ब पेटला म्हणजे वायरिंगमध्ये शॉर्ट आहे. आता वायरींचा जुडगा थोडा थोडा हलवत चला. बल्ब विझला, त्या जागी वायर पत्र्याला टेकलेली असते.

हीटर, फ्रिज, पंप

हीटरचा पंखा फिरतो पण ज्योत येत नाही, ही तक्रार कायमची. हवा पुरेशी वाहते आहे की नाही हे बघायला अनेक हीटरमध्ये हवेच्या झोताने ढकलला जाणारा छोटा स्विच असतो. व्होल्टेज कमी असलं की पंखा मंद फिरतो, स्विच जुळत नाही आणि गॅसचा वाल्व उघडतच नाही. म्हणजे पुन्हा बॅटरी. ती ठणठणीत असेल तरच गॅसकडे वळा: शेगडी पेटते का? कडाक्याची थंडी आहे का? ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचंच थांबतं, प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत चालतं. गाडी बरेच महिने उभी असेल तर बर्नरच्या नळीत कोळ्याने जाळं विणलेलं असू शकतं.

गॅसच्या जोडांना साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गळती. वास आला तर सिलिंडर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि कोणताही स्विच दाबू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. गाडीच्या तळातली झरोक्यांची भोकं गार वारा येतो म्हणून बुजवणारे लोक आहेत. ती त्याच गॅसला वाट द्यायला ठेवलेली असतात.

गॅस, १२ व्होल्ट आणि बाहेरची वीज अशा तिन्हींवर चालणाऱ्या फ्रिजला गाडी समतल उभी लागते. कलत्या जागी तो थंड करत नाही, आणि तसाच बराच वेळ चालवला तर त्याचं कूलिंग युनिट कायमचं खराब होऊ शकतं. थंड व्हायलाही त्याला कित्येक तास लागतात, तेव्हा तासाभरात निकाल देऊ नका. अमोनियाचा वास आला किंवा मागे पिवळी भुकटी दिसली, तर फ्रिज बंद करा आणि हवा खेळती ठेवा. आता दुरुस्ती तुमच्या हातातली नाही. १२ व्होल्टवर तो सहज १० अँपिअरहून जास्त ओढतो, म्हणून ती सोय गाडी चालत असतानाच वापरायची.

पंप चालतो पण पाणी येत नाही? टाकी, मग पंपाआधीची जाळी, मग टाकीकडच्या पाइपचा क्लॅम्प. तो सैल असेल तर पंप पाण्याऐवजी हवा ओढतो. सगळे नळ बंद असताना पंप मध्येच क्षणभर वाजत असेल, तर दाब कुठेतरी उतरतोय. प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद ठेवून सकाळी बघा. सगळे कोरडे निघाले, तर पंपातला उलटं पाणी अडवणारा वाल्व गेला आहे.

बाहेरच्या विजेशी जपून

आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा सुरक्षा-स्विच) ट्रिप होत असेल तर सगळे प्लग काढा, तो वर करा आणि एकेक उपकरण लावत जा. पहिला संशय पाणी तापवणाऱ्या एलिमेंटवर घ्या. टाकी रिकामी असताना ते चालू राहिलं की जळतं. काहीच न लावता ट्रिप झाला, तर केबल किंवा बाहेरचं सॉकेट ओलं असू शकतं. केबल गुंडाळलेली ठेवून वापरू नका, मोठ्या भाराखाली ती वितळू शकते. प्लग गरम लागत असेल किंवा करपलेला दिसत असेल तर बदला.

एसी सुरू होताना दिवे दबतात आणि कॉम्प्रेसर नुसता गुरगुरतो, तेव्हा दोष बहुधा पुरवठ्यात असतो. २३० व्होल्टच्या जागी २०७ किंवा १२० च्या जागी १०८ च्या खाली आकडा गेला, तर एसी बंद ठेवा.

गाडीच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर तो सगळ्यात गंभीर इशारा समजा. बाहेरच्या पुरवठ्याचं अर्थिंग तुटलं आहे आणि गाडीच्या अंगात वीज खेळते आहे. पुरवठा मुळातूनच बंद करा; तोवर कोणी चढू-उतरू नये, कारण एक पाय जमिनीवर आणि हात दाराच्या मुठीवर असलेला माणूसच सर्किट पूर्ण करतो. इन्व्हर्टरची वीजही तितकीच जीवघेणी असते. पॅनेलच्या आतलं काम इलेक्ट्रिशियनला करू द्या.

जनरेटर अचानक थांबला तर इंधनाचा काटा बघा. मुख्य टाकीतून त्याला जाणारी नळी मुद्दामच तळापर्यंत नेलेली नसते. साधारण पाव टाकी उरली की त्याला इंधन मिळत नाही, म्हणजे गाडी तरी हलते. त्यानंतर ऑइलची पातळी. महिन्यातून एकदा तो भार देऊन चालवला नाही, तर पेट्रोलचा चिकटा कार्बोरेटरमध्ये साचतो. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो, ज्याला वास नाही. त्या वायूच्या अलार्मची बॅटरी आधी तपासून मगच झोपा.

इंजिन आणि चाकं

सेल्फ मारल्यावर टकटक आवाज येऊन दिवे मंदावले, तर बॅटरी किंवा टर्मिनल. एकच ठसठशीत ‘टक’ आणि दिवे तसेच लख्ख, तर सेल्फ किंवा त्याचा सोलेनॉइड, म्हणजे त्याला वीज जोडून देणारा स्विच. काहीच आवाज नाही आणि गाडी ऑटोमॅटिक असेल, तर न्यूट्रलमध्ये टाकून बघा. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन घेत नाही, तेव्हा बॅटरीला दोष देऊ नका, इंधनाकडे बघा. बऱ्याच गाड्यांत घराची बॅटरी तात्पुरती इंजिनाला जोडणारं बटण असतं. ते कुठे आहे हे माहीत असू द्या.

चढावर इंजिन तापू लागलं की एसी बंद, केबिनचा हीटर पूर्ण चालू, खालचा गिअर. काटा तरी उतरला नाही तर कडेला थांबा. रेडिएटरचं झाकण इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत उघडू नका. मग कूलंट, बेल्ट आणि रेडिएटरच्या पट्ट्या बघा. मागे इंजिन असलेल्या गाड्यांत तेलकट धूळ रेडिएटरच्या आतल्या बाजूला थापते आणि बाहेरून तो स्वच्छ दिसतो. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून राहू नका, खालच्या गिअरमध्ये उतरा. लांब उतारानंतर पेडल मऊ लागलं, तर थांबून ब्रेक गार होऊ द्या आणि ब्रेक ऑइल बदलून घ्या. ते हवेतली ओल शोषतं आणि लवकर उकळतं.

मोटारहोमचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. नक्षी कोरी दिसते म्हणून फसू नका; बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. मागे जोडचाकं असतील तर आतल्या टायरची हवा तपासायची राहून जाते, आणि तो बसला तरी बाहेरचा भार उचलत असल्यामुळे कळत नाही.

खोली मोठी करायला बाहेर सरकणारी भिंत किंवा गाडी समतल करणारे जॅक अडकले तर बटण पुन्हा पुन्हा दाबू नका, मोटर जळेल. इंजिन किंवा चार्जर चालू करून व्होल्टेज वाढवा, हँडब्रेक ओढलेला आहे का बघा, वाटेत काही अडकलंय का पाहा, आणि मगच हाताने फिरवायचं हँडल काढा.

राहता राहिला येणारा-जाणारा बिघाड, जो गॅरेजमध्ये कधीच दिसत नाही. तो कधी येतो ते लिहून ठेवा: पाऊस पडल्यावर, खड्ड्यातून गेल्यावर, इंजिन तापल्यावर, की पंप आणि हीटर एकदम चालू असताना. सोबत त्या वेळचं व्होल्टेज. मेकॅनिकला ‘कधी कधी बंद पडतं’ असं सांगितलं तर तो उपकरण बदलायला सांगेल. ‘ओल्या हवेत, पंप चालू असताना, अर्थवर ०.८ व्होल्ट’ असं सांगितलं तर तो थेट पाना घेऊन गाडीखाली जाईल.