माजलगावची पाटी वाचणारं लेकरू

बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी पहिली-दुसरीला शिकवते. पालक भेटले की हमखास विचारतात, "बाई, ह्याला बाराखडी तोंडपाठ हाय, मग वाचता कामून येत नाही?" तोंडपाठ म्हणताना डोळे अक्षरावर असावेच लागत नाहीत, म्हणून. 'क' ते 'ज्ञ' रांगेनं जाण्याचा हट्ट सोडा.

आधी म, ज, ल, ग, व, न घ्या आणि लगेच काना. एवढ्यावर "मामा, गावाला जा ना" हे आख्खं वाक्य होतं. स्टँडवर उभ्या एसटीची 'माजलगाव' ही पाटीही वाचता येते. आपण वाचलं, हे लेकराला सुरुवातीलाच कळलं की पुढची अक्षरं ते स्वतः मागून घेतं. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, थ आणि य या जोड्या मात्र एका वेळी शिकवू नका. एक पक्कं झाल्यावरच दुसरं.

खरी अडचण पहिल्या वेलांटीला येते. ती दिसते अक्षराच्या आधी आणि ऐकू येते नंतर. मी पाटीवर 'दवस' लिहिते, वाचून घेते, मग लेकराच्याच हातानं वेलांटी काढायला लावते: 'दिवस'. स्वतः काढलेली वेलांटी वाचताना सहसा सुटत नाही. 'सूर्य', 'चक्र', 'ट्रक' यांतल्या 'र'ची रूपं नंतर घ्या, घाई नको.

बंजारा तांड्यावरची लेकरं घरी गोरमाटी ही त्यांची बोली बोलतात. त्यांना पहिल्या दिवसापासून पुस्तकी मराठीत गप्प बसवू नये. ती त्यांच्या बोलीत जे सांगतील ते तसंच फळ्यावर लिहा आणि त्यांच्याकडून वाचून घ्या. 'आई'शेजारी 'याडी' लिहिलं की कालपर्यंत न बोलणारं पोरगं बोलायला लागतं. हे मी वर्गात पुन्हा पुन्हा पाहिलंय.

आता घरचं. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि कितीतरी लेकरं आजीजवळ राहतात. आजी म्हणते, "मला कुठं येतं वाचाया?" आजी, तुम्हाला ऐकता तर येतं ना! रात्रीच्या भाकरीनंतर लेकराला मोठ्यानं वाचू द्या आणि मधेच विचारा, "मंग पुढं काय झालं?" सांगता आलं तर समजलंय. नाही आलं तर ते आपणहून मागं जाऊन पुन्हा वाचतं. अडखळलं तर लगेच शब्द पुरवू नका, थोडं थांबा. तीच गोष्ट रोज वाचली तरी चालतं, ओघ त्यातूनच येतो.

घरात पुस्तक नसेल तर लग्नपत्रिका काढा. नावं ओळखीची असतात, त्यामुळं लेकरू अंदाज बांधतं आणि अक्षरांवरून तो पडताळून बघतं. सोयाबीन बियाण्याची पिशवी, तेलाचा पुडाही चालेल. फोन असेल तर 'प्रथम बुक्स'च्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, पातळीनुसार लावलेल्या. आणि वाचलेलं व्हॉट्सॲपवर रेकॉर्ड करून कोपीवरच्या, म्हणजे ऊसतोडीच्या खोपटात राहणाऱ्या, आईबापाला पाठवा. तिकडून "अजून एक वाच" असं आलं की दुसऱ्या दिवशी लेकरू पुस्तक घेऊन तयारच असतं.

दुसरीतल्या लेकराला वाचता येईना म्हणून मारू नका. २०२१ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानानंही समजून वाचण्यासाठी तिसरीच्या अखेरीपर्यंतची मुदत धरलीय. पण पुस्तक नाकाजवळ धरत असेल, फळ्यावरचं शेजाऱ्याच्या पाटीतून उतरवून घेत असेल, तर वाट बघू नका. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं तेव्हा त्या लेकराचं नाव पुढं करा. पथक यायला वेळ असेल तर सरळ सरकारी दवाखान्यात डोळे तपासून घ्या.