चक्राकार जाळे विणणारा कोळी कसा पाहावा

पावसाळा सरत आला की महाराष्ट्रातल्या बागा, कुंपणे आणि शेतांचे बांध कोळ्यांच्या चक्राकार जाळ्यांनी भरून जातात. परंतु सकाळी आपल्याला दिसते ते तयार जाळे, विणकाम तोवर आटोपलेले असते. ते पाहायचे असेल तर निओस्कोना गटातला तपकिरी कोळी निवडावा, कारण तो बहुधा अंधार पडू लागल्यावर विणायला बसतो आणि पुष्कळदा उजाडण्यापूर्वी जाळे खाऊन टाकतो, म्हणजे त्यातली प्रथिने नव्या धाग्यासाठी पुन्हा कामी येतात.

दिवसाच त्याची जागा हेरून ठेवावी. कडा धाग्याने ओढून दुमडलेले पान दिसले, तर आत तो पाय आखडून बसलेला असण्याची शक्यता असते. ते पान उलगडून पाहू नये. सूर्यास्ताला तिथे जाऊन दोन हात अंतरावर स्थिर उभे राहावे आणि विजेरीच्या काचेवर लाल जिलेटीनचा कागद बांधावा.

प्रथम तो वाऱ्यावर एक धागा सोडतो आणि तो पलीकडे अडकला की त्यावरून ये-जा करून पूल पक्का करतो. मग चौकट आणि चाकासारखे आरे येतात, त्यावर मध्यापासून बाहेर जाणारे कोरडे, विरळ वेटोळे येते, आणि खरी गंमत त्यानंतर सुरू होते: कोळी कडेपासून आत येत चिकट धागा विणतो, मागच्या पायाने तो ओढून प्रत्येक आऱ्याला चिकटवतो, पुढच्या पायाने आधीचा फेरा चाचपून अंतर राखतो आणि वाटेतले कोरडे वेटोळे तोडत जातो. सर्व काम साधारण तासाभरात उरकते.

छायाचित्रासाठी जाळ्यावर पाणी शिंपडायचे असल्यास अगदी बारीक तुषारच वापरावेत. मी एकदा झाडांवरच्या फवारणीचा पंप वापरला, आणि अर्धे जाळे लोंबकळू लागले.

रात्री जागणे शक्य नसेल, तर निवडुंगावरचा सिर्टोफोरा कोळी दिवसाही पाहता येतो. त्याचे जाळे आडवे, तंबूसारखे आणि चिकट नसलेले असते. ते रोज मोडले जात नाही, केवळ दुरुस्त होते. तंबूच्या मध्यावर अंड्यांच्या पिशव्या एकीखाली एक टांगलेल्या असतील, तर खालून वाकून पाहावे: मादी बहुधा त्यांच्याजवळच उलटी लटकलेली आढळते.