हिरड्यांतून रक्त येतंय? ब्रश, फ्लॉस निवडताना या चुका टाळा

चूळ थुंकली आणि बेसिनमध्ये लाल दिसलं, की आपण दुसऱ्या दिवसापासून त्या बाजूला ब्रश नेतच नाही. हिरडी दुखावली असेल, जरा आराम देऊ, असं वाटतं. सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. रक्त बहुतेक वेळा हिरडीच्या कडेला साचलेल्या चिकट थरामुळे येतं. डेन्मार्कमध्ये १९६५ साली एका प्रयोगासाठी १२ निरोगी माणसांनी दात घासणं बंद केलं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा नीट घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे रक्त येतं तिथेच हलक्या हाताने, पण नेमाने घासायचं.

आता ब्रश. ‘हार्ड’ ब्रशने दात जास्त स्वच्छ होतात हा समज सोडा. कडक केसांनी जोर लावून घासलं की हिरडी मागे सरते, मूळ उघडं पडतं आणि गार पाणी लागलं तरी कळ येते. सॉफ्ट ब्रश घ्या, डोकं लहान असलेला. केस हिरडीच्या रेषेशी ४५ अंशांत तिरके टेकवून जागच्या जागी बारीक हलवा. महिन्याभरातच केस फाकले, तर ब्रश बदलाच, पण हातही हलका करा. इलेक्ट्रिक ब्रश चांगलाच आहे, फक्त तो दातावर टेकवून पुढे न्यायचा, घासायचा नाही.

पण हिरड्यांचा आजार बहुधा दोन दातांच्या फटीत सुरू होतो, आणि तिथे कुठलाच साधा ब्रश पोहोचत नाही. इथेच निवड सर्वांत जास्त चुकते. दात घट्ट चिकटलेले असतील तर फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटीत फिरवायचा बारीक दोरा. हिरडी उतरून फट पडली असेल तर बाटली धुण्याच्या ब्रशसारखा दिसणारा छोटा इंटरडेंटल ब्रश, कारण रुंद फटीत दोरा नुसता मधून निघून जातो. या ब्रशचं माप अंदाजाने घेऊ नका. तो किंचित अडत आत जायला हवा. सैल गेला तर काही निघत नाही, घुसवावा लागला तर हिरडीला इजा होते. पुढच्या दातांना आणि दाढांना बऱ्याचदा वेगवेगळी मापं लागतात. रंगावर जाऊ नका, तो कंपनीगणिक बदलतो. माप एकदा दंतवैद्याकडूनच ठरवून घ्या. फ्लॉसही खटकन खाली ओढायचा नाही. दाताला कवेत घेतल्यासारखा वळवून वरखाली करायचा. टाचणी, सेफ्टी पिन, काडेपेटीची काडी यांना मात्र तोंडात जागाच नाही.

क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाच्या माउथवॉशची बाटली महिनोन् महिने वापरणारे पुष्कळ आहेत. त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात, चव बदलते. सांगितले तेवढेच दिवस वापरा. टूथपेस्टनंतर लगेच नको, अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर पेस्टमधल्या फेसाच्या घटकांमुळे त्याचा असर घटतो.

मिश्रीबद्दल मला कळकळीने सांगायचंय. आपल्याकडे कितीतरी घरांत आई, आजी ‘मिश्रीने दात मजबूत राहतात’ म्हणत रोज लावतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. त्याने हिरड्या घट्ट होत नाहीत, उलट आतून खराब होत जातात, आणि कर्करोगाचा धोका आहेच. तिला रागावू नका, पण सॉफ्ट ब्रश हातात द्या आणि एकदा दवाखान्यात घेऊन जा.

आणखी एक भीती ऐकू येते: दंतवैद्याकडून दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात. ही भीती सोडा. कीटण दगडासारखं घट्ट झालं की घरचं कुठलंच साधन ते काढू शकत नाही. ते निघाल्यावर दिसणारी फट आधीपासूनच तिथे होती, कीटणाने भरलेली.

दोन आठवडे नीट साफ करूनही रक्त थांबलं नाही, तोंडाचा वास गेला नाही, तर दंतवैद्याकडे जा. पू दिसला किंवा दात हलू लागला, तर तेवढंही थांबू नका. मधुमेह असेल तर पहिल्याच भेटीत सांगा: साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं.