कासा, डास्क आणि डब्ल्यूएसक्लीन एका नोडवर: या चुका टाळा

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा डेटा कासा या रेडिओ खगोलशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये साफ करायचा, पुढचं कॅलिब्रेशन डास्कवर (काम अनेक कोअरवर वाटणारी पायथन लायब्ररी) चालणाऱ्या पायथन कोडने करायचं आणि इमेज डब्ल्यूएसक्लीन या इमेजिंग प्रोग्रॅमने काढायची, अशी पाइपलाइन बरेच जण बांधतात. तिन्ही साधनं सुटी सुटी नीट चालतात. एका नोडवर, म्हणजे क्लस्टरमधल्या एका मशीनवर, एकत्र आणली की वर्कर (डास्कच्या काम करणाऱ्या प्रोसेस) मरतात, नाहीतर जॉब नुसता लटकून राहतो. एका घरात तीन कारभारी झाल्यावर दुसरं काय होणार? सगळे कोअर आणि सगळी रॅम आपलीच, असं प्रत्येकाला वाटतं.

चंक डोळे मिटून ठरवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, कारण इथे एररही येत नाही. जीएमआरटीच्या ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या (बेसलाइन) होतात, म्हणजे मेझरमेंट सेटमध्ये (कासाच्या डेटा टेबलमध्ये) दर टाइमस्टॅम्पला ४३५ रांगा. डास्क डेटाचे तुकडे, म्हणजे चंक, करून काम करतो. आता १०,००० रांगांचा चंक घ्या. २२ टाइमस्टॅम्प पूर्ण बसतात, तेविसाव्याच्या ४३० रांगा या चंकात राहतात आणि उरलेल्या ५ पुढच्या चंकात जातात. दर टाइमस्टॅम्पला गेन (अँटेनाने सिग्नल किती बदलला तो आकडा) काढणारा कोड त्या पाच बेसलाइनवरून ३० अँटेनांचे गेन काढायला बसतो आणि आकडे काहीही येतात. टाइम कॉलममधून प्रत्येक वेळेच्या रांगा मोजा आणि चंक त्या सीमांवरच तोडा. सरसकट ४३५ने भागूनही चालणार नाही, कारण एखादा अँटेना बंद असेल तर रांगा कमी भरू शकतात.

आकारही तपासा. २,०४८ चॅनेल आणि दोन पोलरायझेशन असतील तर एका रांगेचा नुसता डेटा ३२ केबी भरतो. १०,००० रांगांचे झाले सव्वातीनशे एमबी. मॉडेल आणि करेक्टेड कॉलम धरले की एक जीबीच्या आसपास, तेही एकेका थ्रेडला.

कोअर आणि रॅम दोनदा वाटणं

६४ कोअरच्या नोडवर डास्कचे १६ वर्कर लावले आणि प्रत्येक टास्कमधून डब्ल्यूएसक्लीन सोडला, तर काही न सांगता तो ६४ थ्रेड घेतो. एकूण १,०२४! त्याला 'जे' पर्यायाने ४ थ्रेडवर बांधा. पायथनच्या सीपीयू काउंटवर विसंबू नका. तो मशीनचे सगळे कोअर सांगतो, स्लर्मने (क्लस्टरवर जॉब वाटणाऱ्या सॉफ्टवेअरने) तुम्हाला दिलेले नाही.

रॅमचं दुखणं जास्त छुपं आहे. डास्क फक्त वर्करच्या स्वतःच्या प्रोसेसवर नजर ठेवतो, त्याने सुरू केलेल्या बाहेरच्या प्रोग्रॅमवर नाही. डॅशबोर्डवर सगळं हिरवं दिसत असताना जॉब 'किल्ड' होतो तो यामुळे. डब्ल्यूएसक्लीनला 'अ‍ॅब्स-मेम'ने जीबीत मर्यादा घाला आणि तेवढी रॅम डास्कच्या हिशेबातून आधीच वजा करा.

एमपीआयच्या पोटात एमपीआय

एमपीआयने (अनेक प्रोसेस एकत्र चालवण्याच्या पद्धतीने) सुरू केलेल्या डास्क वर्करमधून एमपीआय-कासा, म्हणजे एमपीआयवर चालणारा कासा, बोलावू नका. बाहेरच्या एमपीआयची एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स आतल्याला मिळतात, तो स्वतःला कुठल्यातरी भलत्याच रँकवर (प्रोसेसच्या क्रमांकावर) समजतो आणि अडकतो. कासाचा टप्पा स्लर्ममध्ये वेगळा जॉब म्हणून टाका आणि डास्कचा जॉब त्यावर 'आफ्टरओके'ने (आधीचा जॉब यशस्वी झाला तरच पुढचा) अवलंबून ठेवा.

एकाच टेबलवर अनेकांचं लिहिणं

कासाकोरच्या (कासाच्या मुळाशी असलेल्या लायब्ररीच्या) टेबलवर एका वेळी एकच प्रोसेस लिहू शकते. बाकीच्या प्रोसेस लॉकची वाट पाहत बसतात आणि आपल्याला वाटतं प्रोग्रॅम हँग झाला. लॉक फाइल उडवण्याआधी ती कोणी उघडून ठेवली आहे ते 'एलएसओएफ'ने बघा. बहुतेकदा आपलंच एखादं न बंद केलेलं टेबल सापडतं.

उघडी फिट्स फाइल वर्करला पाठवणं

फिट्स म्हणजे खगोलशास्त्रातल्या डेटाची फाइल. तिचा फक्त पाथ पाठवा, फाइल वर्करलाच उघडू द्या. फिट्समधले आकडे बिग-एंडियन (मोठा बाइट आधी) असतात. नंबा (पायथन कोड वेगवान करणारी लायब्ररी) त्यावर अडला तर आधी बाइट ऑर्डर बदलून घ्या.

एवढं करूनही गाडी अडली, तर डास्कचा शेड्युलर 'सिंक्रोनस' (सगळं एकाच थ्रेडमध्ये) करा आणि एकच लहान स्कॅन चालवा. चूक तिथेही आली तर ती तुमच्या कोडमध्ये आहे आणि साध्या डीबगरने सापडेल. नाही आली तर आधी थ्रेड, मग वर्कर, मग नोड असं एकेक वाढवत न्या.