घरगुती सीएनसी राऊटरच्या पेटीला डस्ट कलेक्शन कसं बसवायचं

सीएनसीभोवती, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या कोरीवकामाच्या मशीनभोवती, प्लायची पेटी केली, मागच्या भिंतीला कॉम्प्युटरचा एक पंखा ठोकला, पाईप खिडकीबाहेर सोडला की धुळीचं काम झालं असं बरेच जण धरून चालतात. आणि मग एमडीएफचा (लाकडाचे तंतू चिकटद्रव्याने दाबून केलेल्या बोर्डाचा) पहिलाच जॉब झाल्यावर दार उघडलं की रेल्सवर, लीडस्क्रूवर (मशीन सरकवणाऱ्या आट्यांच्या दांड्यावर), स्टेपर मोटरच्या डोक्यावर, अगदी वायरींच्या वरच्या बाजूलासुद्धा पिवळट थर बसलेला असतो. तो पंखा पेटीतली हवा नुसती ढवळतो हो, त्याच्यात खेचायची ताकद नसते, आणि पाईप लावला की होती तेवढीही जाते. धूळ पकडायची ती बिटपाशीच, म्हणजे कापणाऱ्या पात्यापाशीच, पेटी आहे ती सुटलेल्या धुळीसाठी आणि आवाजासाठी. एवढं पक्कं केलं की कुठे खर्च करायचा आणि कुठे नाही ते आपोआप कळतं.

मी इथे ३०१८ (३०० बाय १८० मिमी कामाची जागा) पासून साधारण ६०४० (६०० बाय ४०० मिमी) पर्यंतच्या मशीनचं बोलतोय, म्हणजे ३०० - ५०० वॉटचा ५२ मिमीचा स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) किंवा ६५ मिमीचा ट्रिम राऊटर, फ्लॅटच्या बाल्कनीत नाहीतर एखाद्या खोलीत ठेवलेलं. मोठ्या वर्कशॉपचं गणित वेगळं.

आणि "थोडीशी धूळ, काय होतंय" हे डोक्यातून काढा. लाकडाची धूळ कॅन्सर करते हे आयएआरसीने, म्हणजे डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, १९९५ सालीच ग्रुप १ मध्ये (माणसाला नक्की कॅन्सर करणाऱ्यांच्या गटात) टाकून सांगितलंय, एमडीएफच्या चिकटद्रव्यातलं फॉर्मल्डिहाइडही त्याच गटात आहे. जो किस टेबलावर पडलेला दिसतो तो त्यामानाने निरुपद्रवी, जी दिसत नाही ती बारीक धूळ हवेत तासन्तास तरंगते आणि थेट फुप्फुसात जाते. म्हणून कितीही चांगलं सेटअप केलं तरी एन९५ मास्क सुटत नाही, निदान दार उघडताना आणि डबा रिकामा करताना तरी लावायचाच.

व्हॅक्युम घ्यायच्या आधी एक फुकटचं काम करा, धूळच कमी तयार होऊ द्या. हिशोब बघा: ६ मिमीचा दोन फ्लूटचा (दोन धारांचा) बिट १८,००० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) आणि फीड, म्हणजे पुढे सरकण्याचा वेग, १,००० मिमी प्रति मिनिट, म्हणजे प्रत्येक धार फक्त ०.०२८ मिमी लाकूड काढते, ती भुकटीच होणार. तोच बिट १२,००० वर आणून फीड २,००० केला की ०.०८३ मिमी, आता किस निघतो, जो जड असतो आणि सहज खेचला जातो. अर्थात मशीन कडक असेल तरच, ३०१८ला एवढा फीड झेपणार नाही, तिथे कटची खोली कमी ठेवा, आरपीएम कमी होत असेल तर तो करा आणि जमेल तेवढा फीड द्या. अपकट बिट किस वर फेकतो, डाउनकट खाचेत ठासून भरतो, कड छान येते पण धूळ आतच राहते. एमडीएफ मात्र काहीही करा भुकटीच देतो.

आता व्हॅक्युम. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो कारण यूट्यूबवर अमेरिकन लोकांच्या गॅरेजमध्ये चार इंची पाईप दिसतात आणि आपल्यालाही तसंच हवं असं वाटतं. वेट-ड्राय व्हॅक्युम क्लीनर जोरात खेचतो पण हवा कमी हलवतो, पिशवीवाला डस्ट कलेक्टर ढीगभर हवा हलवतो पण त्याचं खेचणं दुबळं. लाकडाचा किस पाईपमधून न साचता वाहायला हवेचा वेग सेकंदाला २० मीटरच्या आसपास लागतो. आतून ५० मिमी पाईपला त्यासाठी तासाला साधारण १४० घनमीटर हवा लागते, म्हणजे ८३ सीएफएम (मिनिटाला घनफूट), आणि १०० मिमी पाईपला ५६५ घनमीटर, म्हणजे ३३० सीएफएमच्या पुढे. घरगुती व्हॅक्युमला चार इंची पाईप लावला की वेग पार पडतो आणि भुसा आडव्या पाईपात बसून राहतो. त्यामुळे १,२०० - १,४०० वॉटचा वेट-ड्राय व्हॅक्युम आणि ३८ ते ५० मिमीचा पाईप ही जोडी आपल्या कामाला बरोबर. घरात झाडलोटीचा जो ड्राय व्हॅक्युम असतो तो यात घालू नका, बऱ्याच मॉडेलमध्ये खेचलेली हवाच मोटर थंड करते, फिल्टर भरला की मोटर तापते. वेट-ड्रायमध्ये मोटरला थंड हवेची वेगळी वाट असते.

डस्ट शूवर, म्हणजे बिटभोवती बसणाऱ्या आणि व्हॅक्युमचा पाईप जोडलेल्या ब्रशच्या टोपीवर, मात्र वेळ घालवा, सगळा खेळ तिथे आहे. शू दोन प्रकारचे, एक स्पिंडललाच क्लॅम्प होतो आणि झेडबरोबर (मशीनच्या उभ्या चालीबरोबर) वरखाली जातो, दुसरा एक्सच्या कॅरेजला (आडव्या सरकणाऱ्या भागाला) बसतो आणि उंची तीच राहते, स्पिंडल त्याच्यातून खाली उतरतो. पहिला करायला सोपा, थ्रीडी प्रिंट केला की झालं, पण खोल कट घेताना ब्रश जॉबवर दुमडतो आणि वर उचलला की खालून फट पडते. मला दुसरा पटतो. ब्रशसाठी दाराच्या खालच्या फटीला लावतात ती नायलॉन ब्रशची पट्टी घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळते, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला तर हवी ती लांबी मिळेल. केस जॉबला जेमतेम टेकतील, एकदोन मिलिमीटर दबतील एवढेच ठेवा. पट्टी एकच सलग लावण्यापेक्षा मऊ आणि थोडी दाट घेऊन पुढच्या बाजूचा तुकडा मॅग्नेटवर ठेवला तर बिट बदलताना अख्खा शू काढावा लागत नाही, पुढचा तुकडा टक करून निघतो, कोलेटला (बिट धरणाऱ्या पकडीला) स्पॅनर लागतो, काम झालं की परत टक.

शूचं तोंड बिटच्या मागे लांब नको, बिटला जितकं चिकटून तितकं चांगलं, कारण खेचण्याचा जोर तोंडापासून जरा लांब गेलं की झपकन कमी होतो. अजून एक गोष्ट जी फारसं कोणी सांगत नाही: ट्रिम राऊटरचा स्वतःचा कूलिंग फॅन हवा खाली बिटच्या दिशेने फेकतो. म्हणजे तुम्ही खेचताय आणि राऊटर तिथेच फुंकतोय. शूला वरून झाकण असू द्या आणि राऊटरची हवा त्या झाकणावर आदळून बाजूला जाईल असं करा, शूच्या आत ती शिरायला नको. आणि शू बसवल्यावर स्पिंडल बंद ठेवून मशीन चारही कोपऱ्यांत फिरवून बघा, क्लॅम्पला शू अडकतो का ते, नाहीतर पहिल्याच जॉबला स्टेप्स जातात, म्हणजे मशीन आपली जागा चुकतं.

शू आणि व्हॅक्युमच्या मध्ये सायक्लोन हवाच. तो नसेल तर एमडीएफ एका बैठकीत फिल्टर बुजवतो आणि मग व्हॅक्युम नुसता आवाज करतो. सायक्लोनमध्ये हवा बाजूने शिरते, भिंतीला धरून गोल फिरते, जड किस बाहेर फेकला जाऊन खाली डब्यात पडतो आणि हवा मधल्या नळीतून वर व्हॅक्युमकडे जाते. प्लॅस्टिकचा तयार कोन ऑनलाइन मिळतो, त्याखाली २० लिटरची रंगाची बादली, झाकणासकट. बादलीचं झाकण हाच कच्चा दुवा असतो. खालून जरा जरी हवा आत आली तरी डब्यात पडलेला भुसा परत उचलून वर जातो, आणि मग लोक म्हणतात सायक्लोन बोगस आहे. कोन झाकणाला बोल्ट करताना खाली-वर १२ मिमी प्लायच्या चकत्या द्या, मध्ये सिलिकॉन भरा, झाकणाच्या कडेला खिडकीची फोमपट्टी चिकटवा.

मग परीक्षा: व्हॅक्युम चालू करून शूचं तोंड तळहाताने पूर्ण बंद करा. बादली आत चेपली तर बादली बदला किंवा आतून प्लायची रिंग घाला, कारण उद्या एखादा तुकडा होसमध्ये अडकला की नेमकं हेच होणार आहे. बादली दोन तृतीयांश भरली की रिकामी करायची, वर भुसा आला की सायक्लोनचं काम संपलं. पारदर्शक बरणी असेल तर पातळी दिसते पण ती चेपण्याच्या बाबतीत बादलीपेक्षा डेंजर.

पाईपचं फार नाही. शूपासून पेटीच्या छतापर्यंत लवचिक होस, तिथून पुढे कडक पीव्हीसी, ५० चा किंवा ६३ चा शेतीचा पाईप, कुठल्याही सॅनिटरीवाल्याकडे मिळतो. ६३ म्हणजे बाहेरचा व्यास, त्यामुळे जोड मोजूनच घ्या. लवचिक होस आतून खवलेदार असते, ती जितकी कमी तितकं बरं. ९० चा एल्बो टाळा, दोन ४५ चे लावा. होस आणि पाईपचा साइज जुळत नसेल तर पीव्हीसीचं टोक हीट गनने गरम करून फुगवा, प्लंबर लोक करतात तसंच, बहुतेक वेळा अडॉप्टर लागतच नाही. सोल्व्हंट लावू नका, नुसतं दाबून बसवा आणि वरून टेप, कारण हे उघडावं लागणार आहे. होसला छतातून खाली लटकू द्या, थोडा स्प्रिंग किंवा इलॅस्टिकचा आधार द्या, नाहीतर होसचं वजन झेडला ओढतं.

पेटीबद्दल: ती हवाबंद करायची नाही. तुम्ही हवा बाहेर खेचताय म्हणजे तेवढीच आत यायला हवी, ती वाट नसेल तर शूपाशी ओढ मरते. खेचण्याच्या पाईपच्या दीड-दोनपट क्षेत्रफळाचं एक भोक समोरच्या बाजूला खाली ठेवा, आतून तिरपी फळी लावा म्हणजे आवाजही सरळ बाहेर येणार नाही. बाकीच्या फटी मात्र फोमपट्टीने बंद. काम सुरू करायच्या आधी, पेटी अगदी स्वच्छ असताना, व्हॅक्युम लावून दाराच्या कडेकडेने उदबत्ती फिरवा, धूर आत ओढला गेला पाहिजे. बाहेर येत असेल तर दाब उलटा आहे, कुठेतरी व्हॅक्युमची बाहेर टाकलेली हवा पेटीत शिरतेय. कंट्रोलर, पॉवर सप्लाय, लॅपटॉप सगळं पेटीच्या बाहेर.

व्हॅक्युममधून बाहेर पडणाऱ्या हवेचं काय करायचं? सगळ्यात सोपं म्हणजे खिडकीबाहेर सोडा, पण खालच्यांचे कपडे वाळत असतील तर सोसायटीच्या ग्रुपवर तुमचा फोटो येणार. खोलीतच सोडायची असेल तर सोबत आलेला कापडी किंवा फोमचा फिल्टर पुरत नाही, बारीक धूळ त्यातून आरपार जाते आणि सगळ्या खोलीत पसरते, म्हणजे जी नको तीच. प्लीटेड हेपा कार्ट्रिज घ्या, एच१३ लिहिलेलं, आणि त्याच्या आधी कागदी पिशवी. सायक्लोन असल्यामुळे ते बरेच महिने टिकतं. कार्ट्रिज बाल्कनीत आपटून झटकू नका, सुरकुत्या फाटतात.

आता स्थिर विद्युत, म्हणजे स्टॅटिक. कोरड्या भुशाने प्लॅस्टिकचा पाईप चार्ज होतो, हाताला चटका बसतो आणि त्याहून वाईट म्हणजे जॉबच्या मध्येच यूएसबी तुटतं, मशीन थांबतं. पावसाळ्यात हा त्रास जवळजवळ नसतो, पुण्या-नागपूरकडे थंडीत आणि कडक उन्हाळ्यात हमखास. लवचिक होसच्या आतून उघडी तांब्याची तार नेऊन तिचं टोक अर्थिंगला जोडा, कडक पाईपाला बाहेरून गुंडाळा. खरं सांगायचं तर पीव्हीसी वीज वाहत नाही त्यामुळे तारेने चार्ज पूर्ण जात नाही, पण कमी होतो. जास्त फरक पडतो तो मशीनची फ्रेम आणि स्पिंडलची बॉडी थ्री पिनच्या खऱ्या अर्थला जोडल्याने. फक्त सॉकेटला अर्थ खरंच आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, जुन्या बिल्डिंगमध्ये तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. यूएसबी केबल आखूड, फेराइटवाली (टोकाला गोटीसारखा जाड भाग असलेली), आणि पाईपापासून लांब.

व्हॅक्युम हाताने चालू करायला माणूस विसरतोच, म्हणून जीआरबीएलचा (कंट्रोलरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा) कूलंटचा पिन वापरा, अर्डुइनो उनो बोर्डवर तो ए३ असतो. जॉबच्या फाइलमध्ये एम८ ही कमांड दिली की चालू, एम९ दिली की बंद. सुरुवातीला एम८ नंतर जी४ पी३ टाका म्हणजे तीन सेकंद व्हॅक्युम वेगात येतो आणि मग स्पिंडल उतरतो, शेवटी एम९ च्या आधी जी४ पी१५, पाईप मोकळा होतो. मात्र निळ्या रंगाचा दहा अँपियरचा स्वस्त रिले थेट व्हॅक्युमला लावू नका. १,२०० वॉट म्हणजे चालू असताना पाच-सव्वापाच अँपियर, पण सुरू होताना याच्या कितीतरी पट झटका बसतो आणि रिलेचे पॉइंट चिकटून बसतात, मग एम९ देऊनही बंद होत नाही. रिलेने कॉन्टॅक्टर (जास्त करंट झेपणारा मोठा रिले) चालवा आणि कॉन्टॅक्टरने व्हॅक्युम, पुण्यात तापकीर गल्लीत सगळं एका फेरीत मिळतं. व्हॅक्युमला १६ अँपियरचं वेगळं सॉकेट, कंट्रोलर ज्या एक्स्टेंशनवर आहे त्यावर अजिबात नको. २३० व्होल्टचं काम जमत नसेल तर सरळ इलेक्ट्रिशियन बोलवा.

आवाजासाठी व्हॅक्युमलाही खोका करता येतो, पण दोन्ही बाजूंनी हवेची वाट ठेवून. बंद खोक्यात मोटर भाजते. ब्रशवाली मोटर आहे, तीन-चार तासांचे थ्रीडी कार्व्हिंगचे जॉब असतील तर फाइल तुकड्यांत करा आणि मध्ये तिला गार होऊ द्या, कार्बन ब्रश आधीच आणून ठेवा.

आग लागू शकते, हे चेष्टेत घेऊ नका. बोथट बिट एका जागी घासत राहिला, जॉबची कड काळी पडली, की एखादी ठिणगी होसमधून बादलीत जाते आणि भुशात धुमसत बसते, ज्वाला नंतर येते. जळका वास आला तर व्हॅक्युम आधी बंद, तो वारा घालतोय. मशीन चालू ठेवून बाहेर जायचं नाही, एबीसी पावडरचं छोटं फायर एक्स्टिंग्विशर पेटीच्या बाहेर हाताशी, आणि काम संपल्यावर बादली एकदा बघायचीच. अॅल्युमिनियम कापणार असाल तर आधी लाकडाचा भुसा पूर्ण काढा, गरम धातूचा किस आणि भुसा एका डब्यात नको. पीसीबी (सर्किट बोर्ड) करणाऱ्यांनी, म्हणजे एफआर४ बोर्ड कापणाऱ्यांनी, हेपाशिवाय सुरूच करू नये, त्यात काचेचे तंतू असतात.

जॉब संपला की दार लगेच उघडू नका, एम९ ने व्हॅक्युम बंद झाला असेल तर परत चालू करून दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. मग शूचा ब्रश, रेल्स व्हॅक्युमच्या नळीनेच साफ करा, फुंकणीने किंवा ब्लोअरने नाही. पावसाळ्यात हे रोज, कोकणात तर न चुकता, कारण भुसा ओल धरतो आणि लीडस्क्रूवर गंज चढतो, सायक्लोनच्या कोनातही तो ओला होऊन चिकटतो. बादली रिकामी करताना ती मोठ्या पिशवीत घालून आतच उलटी करा, हळू. शुद्ध सागाचा-आंब्याचा भुसा कंपोस्टमध्ये थोडा थोडा चालतो, प्लाय आणि एमडीएफचा कुंडीत अजिबात नको, तो पिशवी घट्ट बांधून सुक्या कचऱ्यात द्या, आणि घंटागाडीवाल्या दादांना आत काय आहे ते सांगा म्हणजे ते पिशवी फोडणार नाहीत.