फोटोटेस्टला जाण्याआधी पाठीची तयारी

उन्हाची ॲलर्जी शोधणाऱ्या फोटोटेस्टचा बराचसा भाग पाठीवरच होतो, त्यामुळे तयारीही तिथूनच सुरू करा. आधीचे काही आठवडे पाठीला ऊन लागू देऊ नका. रापलेली त्वचा जास्त किरण सोसते आणि खरी संवेदनशीलता झाकली जाते. पाठीवर केस असतील तर एक-दोन दिवस आधी ट्रिमरने कापा. त्याच सकाळी वस्तरा फिरवलात तर त्याची लाली किरणांच्या खात्यात जमा होते. चाचणीच्या दिवशी तेल, क्रीम, पावडर, सनस्क्रीन काहीच नको.

औषधांची यादी मात्र बरीच आधी डॉक्टरांना दाखवा. ॲलर्जीच्या गोळ्या चालू असतील तर उन्हाने उठणाऱ्या गांधी दबतात, म्हणून त्या साधारणपणे काही दिवस आधी थांबवायला सांगतात. स्टेरॉइडच्या गोळ्या आणि पाठीवर लावलेलं स्टेरॉइड मलमही प्रतिक्रिया दाबतात. उलट डॉक्सिसायक्लिन (प्रतिजैविक), थायझाइड गटातली रक्तदाबाची गोळी किंवा अमिओडारोन (हृदयाच्या ठोक्यांचं औषध) ही औषधं स्वतःच त्वचा उन्हाला हळवी करतात. यातलं काहीही आपल्या मनाने बंद करू नका, विशेषतः हृदयाचं औषध आणि स्टेरॉइड.

सोबत पुरळाचे फोटो न्या, कारण भेटीच्या दिवशी ते बहुधा मावळलेले असते. फोटोइतकीच वेळेची नोंद मोलाची: किती मिनिटं ऊन लागलं, किती वेळाने उठलं, किती टिकलं. काही मिनिटांत उठून दिवसभराच्या आत गेलेल्या गांधी वेगळा आजार सुचवतात. काही तासांनी उठून कित्येक दिवस राहिलेलं पुरळ वेगळा. काचेआडूनही त्रास होतो का, हेही लिहा: उन्हातल्या अतिनील किरणांच्या दोन प्रकारांपैकी खिडकीची साधी काच यूव्हीबी अडवते, यूव्हीए बराचसा आत सोडते. वापरात असलेलं सनस्क्रीन, अत्तर, दुखण्यावरचं जेल मूळ वेष्टनासह घ्या. केटोप्रोफेन असलेलं जेल हा तर नेहमीचा संशयित.

आठवड्यातले चार-पाच दिवस मोकळे ठेवा. पहिल्या दिवशी लहान चौकोनांवर वाढत्या मात्रेत यूव्हीए, यूव्हीबी देतात. गांधी लगेच दिसतात, लाली मात्र 24 तासांनी वाचतात. सावळ्या त्वचेवर ती सहज दिसत नाही, तेव्हा वाचणारा डोळा सरावलेला हवा. एखादा पदार्थ आणि ऊन मिळून ॲलर्जी होते का, हे पाहणाऱ्या फोटोपॅच चाचणीसाठी संशयित पदार्थांच्या पट्ट्यांच्या दोन सारख्या जोड्या पाठीवर चिकटवतात. 24 किंवा 48 तासांनी एकीवर साधारण 5 जूल प्रति चौरस सेंटिमीटर यूव्हीए सोडतात, दुसरी झाकून ठेवतात. सगळा निकाल या दोन जोड्यांच्या तुलनेवर असतो. पट्ट्या निघाल्यावर पाठ उघडी ठेवून खिडकीपाशी बसलात तर झाकलेल्या जोडीलाही उजेड लागतो, दोन्ही बाजू लाल होतात आणि निदान साध्या संपर्कजन्य ॲलर्जीकडे झुकतं. म्हणून शेवटचं वाचन होईपर्यंत दाट विणीचा, गडद, जुना सदरा घाला (पाठीवर खुणा करणाऱ्या मार्करचे डाग जात नाहीत). पाठ भिजवू नका, घाम येईल अशी कामं टाळा. कड सुटली तर वरून चिकटपट्टी लावा. पट्टी पूर्ण निघाली तर परत चिकटवत बसू नका, वेळ लिहून दवाखान्यात कळवा.

खाज आली तरी मलम लावायचं ते विचारूनच. ल्यूपसचा (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटणारा आजार) संशय असेल तर चौकोनातली प्रतिक्रिया एक-दोन आठवड्यांनीही उमटू शकते, तेव्हा पाठीचा फोटो दर दोन-तीन दिवसांनी त्याच उजेडात काढून ठेवा.